थंड हवेचा पाइप

माझ्या मुलीची गाडी मी बिघडवली होती. तिला ते माहीत नव्हतं. तिला वाटत होतं, आपली निवडच चुकली.

गाडी लाल, दोन दारांची, बुटकी. लोक तिला स्पोर्ट्स कार म्हणायचे आणि ती तशीच होती. जळगावात आमच्या कॉलनीत ती उभी असली की भाजीवाला आपला गाडा लांबून वळवून घ्यायचा, ओरखडा पडायला नको म्हणून. मुलीने ती इंदूरहून आणली, सेकंडहँड, स्वतःच्या पगारातून. मेकॅनिकल इंजिनियर झाली होती, एका सर्व्हिस सेंटरला नोकरीला होती. इंदूरला एकटी गेली, मालकाला गाडी चालू करायला लावली आणि बॉनेटवर वाकून कितीतरी वेळ नुसती ऐकत राहिली. घरी आल्यावर आईला म्हणाली, "ह्या इंजिनात काही खोट नाही. माझा कान सांगतो." आईला म्हणाली, मला नाही. आमच्या घरात बापलेकीचं बोलणं तिच्या आईमार्फत व्हायचं. भांडण नव्हतं. मला बोलता येत नाही, एवढंच.

तरी त्या गाडीमुळे थोडं बोलणं सुरू झालं होतं, हे कबूल केलं पाहिजे. मी पाइपांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो. शेतीचे पाइप, त्यांचे जोड, त्यांचे क्लॅम्प, सगळं आयुष्य त्यातच गेलं. रविवारी ती बॉनेट उघडून बसायची आणि मी चहाचा कप घेऊन पायरीवर. एकदा तिने मला जवळ बोलावलं.

"पप्पा, हे बघा. हा काळा डबा आहे ना, ह्यातून इंजिन श्वास घेतं. आत कागदाचा फिल्टर. आणि हा सेन्सर. किती हवा आत गेली ते हा मोजतो आणि कॉम्प्युटरला सांगतो. ह्याने खोटं सांगितलं की इंजिन गोंधळतं."

"बरं," मी म्हणालो.

"मी हा डबा काढणार आहे. बाहेरून एक इनटेक मागवते. मोठा पाइप, पुढे उघडा फिल्टर, बाहेरची थंड हवा ओढतो. गाडी मोकळी पळते. आपण दोघं मिळून बसवू. तुम्हाला पाइप कळतो."

मी पुन्हा "बरं" म्हणालो. पण त्या दिवशी चहा गार झाला तरी मी तिथेच उभा होतो. तिने मला कशात तरी सोबत बोलावलं ते पहिल्यांदाच.

तिचा बेत पक्का होता. बायपासला एक शेड बघून ठेवलं होतं, किल्ली पण आणली होती. तिथे ती गॅरेज काढणार होती. पंक्चरचं, ऑइल बदलायचं गॅरेज नाही. अशा गाड्यांचं काम करणारं, ज्यासाठी लोक नाशिक नाहीतर इंदूर गाठतात. तिची स्वतःची गाडी म्हणजे तिची पाटी. "गिऱ्हाईकाने माझी गाडी बघावी, मग गॅरेज बघावं," असं आईला म्हणायची.

त्याच उन्हाळ्यात आम्ही चाळीसगावला एका लग्नाला गेलो. मुलगी आली नव्हती. पंगतीत माझा मेहुणा समोरच्या रांगेतून मोठ्याने म्हणाला, "दाजी, भाचीसाठी जावई शोधताय की क्लीनर? ड्रायव्हर तर तीच आहे."

पंगत हसली. वाढपी हसला. मीही हसलो. मग कुणीतरी म्हणालं, ती बायपासवर ट्रकांना मागे टाकते. कुणीतरी म्हणालं, धुळ्याच्या एका चांगल्या घरातून विचारणा होणार होती, पण गाडीचं ऐकून ते लोक गप्प बसले. मी मठ्ठा पीत राहिलो. परतताना बायको म्हणाली, "त्याचं काय मनावर घेता, त्याची जीभ लहानपणापासून तशीच आहे." मी म्हणालो, मनावर घेतलं नाही.

पुढे कधीतरी एका दुपारी मुलगी बाहेर गेलेली असताना मी बॉनेट उघडलं. तिनेच दाखवलेला तो सेन्सर शोधला. त्याला वायरींचं एक कनेक्टर लागतं, आत पितळी पिना असतात. पोती शिवायच्या दाभणाने मी त्यातली एक पिन जराशी मागे ढकलली आणि कनेक्टर परत बसवून दिलं. क्लिप लागल्याचा आवाज आला. बाहेरून काही म्हणता काही दिसत नव्हतं. आत आलो तेव्हा बायको मोरीपाशी उभी होती. तिने माझ्या काळ्या बोटांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि साबण पुढे केला. 

मग गाडी झटके खाऊ लागली. कधी चांगली चालायची, कधी भर रस्त्यात गुदमरून बंद व्हायची, आणि थोड्या वेळाने काही झालंच नाही अशी चालू. मुलीने प्लग बदलले. पेट्रोलचा पंप बदलला. जळगावच्या दोन गॅरेजवाल्यांना दाखवलं. त्यांनी डोकं खाजवलं. एकाने तिला सरळ सांगितलं, "ताई, फसवलं तुम्हाला इंदूरवाल्याने." ती संध्याकाळची यायची, हात कोपरापर्यंत काळे, आणि जेवताना भिंतीकडे बघायची. मी रोज ठरवायचो, उद्या पिन सरळ करतो. पण रोज पुढचा उद्या निघायचा, आणि मला आतून एक हलकेपणाही वाटत होता, हेही लिहितो. गाडी आता फारशी घराबाहेर जात नव्हती. कुणी काही बोलत नव्हतं.

एके दिवशी ती आईला म्हणाली, "माझा कान चुकला गं. जिला स्वतःची गाडी कळत नाही तिने गॅरेज कशाला काढायचं." शेडाची किल्ली तिने परत केली. धुळ्याला, देवपूरच्या एका कॉलेजात शिकवायची नोकरी धरली आणि तिकडेच खोली घेऊन राहिली. गाडीवर ताडपत्री पडली. ती गेल्यानंतर इनटेकचं खोकं आलं. पुढच्या सुट्टीत तिने ते उघडलंही नाही, तसंच उचलून माळ्यावर टाकलं. मी खालून शिडी धरली होती.

नंतर लॉकडाऊन आलं, गेलं. त्यानंतर बायको आजारी पडली आणि तीही गेली. आमच्यातला दुभाष्या गेला. मुलीचा फोन यायचा तो असा: "जेवलात? गोळी घेतली? ठेवते." मी म्हणायचो, हो, हो, बरं. घरात एक माणूस राहिला की भांड्यांचा आवाज किती मोठा होतो ते तेव्हा कळलं. मी स्टीलचा तांब्या सोडून प्लास्टिकची बाटली वापरायला लागलो.

ह्या मे महिन्यात मात्र ती जरा जास्त बोलली.

"पप्पा, ती गाडी काढून टाका. चाळीसगावचा एक जुन्या गाड्यांचा माणूस आहे, त्याला नंबर दिलाय तुमचा. रविवारी येईल. चालू झाली तर ठीक, नाहीतर भंगारात जाऊ दे."

"तू येशील?"

"मला नाही बघायची ती."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ ताडपत्रीकडे बघत बसलो. गाडी गेली की पिन गेली. मग मी सांगितलं काय, न सांगितलं काय, तपासायला काही उरणार नव्हतं. आणि तिचा कान चुकला हे कायमचं खरं होऊन बसणार होतं. ह्याचीच मी इतकी वर्षं वाट बघत होतो की काय, असंही मनात आलं. ते मनात आल्यावर मात्र मला घरात बसवेना.

मी माळ्यावरून खोकं काढलं. खरं म्हणजे नुसती पिन सरळ करून गाडी तिच्या दारात नेली असती तरी चाललं असतं. पण रिकाम्या हाताने कबुली द्यायचा धीर होईना. तिने मागवलेला पाइप बसवून न्यावा, तो बघून ती जरा नरम होईल, मग सांगावं, असा माझा हिशोब होता. हिशोब हलका होता, हे आता दिसतं.

नवी बॅटरी आणली, जुनं पेट्रोल काढून नवं भरलं, चाकांत हवा भरली. चाळीसगाववाल्याला फोन करून रविवार पुढे ढकलायला सांगितलं. कामाला भल्या सकाळी लागलो, कारण आमच्याकडे मे महिन्यात ऊन चढलं की बॉनेटला हात लागत नाही.

शेजारच्या कंपाउंडच्या भिंतीवर आबा कोपर टेकून उभे होते. वरणगावच्या कारखान्यातून रिटायर झालेले, पेपर वाचून झाला की माझ्याकडे बघणं हा त्यांचा दुसरा उद्योग.

"काय बसवताय?"

"इनटेक. इंजिनाला थंड हवा मिळते."

आबांनी आभाळाकडे पाहिलं. "जळगावात?"

"हो."

"मे महिन्यात?"

"हो आबा."

"कुठून आणणार थंड हवा? आमच्या कूलरमधून एक नळी देऊ का?"

मी हसलो. तेही हसले आणि मग हळूच म्हणाले, "पोरगी येतेय का?" मी नाही म्हणालो तर ते आत निघून गेले, आणि अंगणात पुन्हा फक्त माझ्या पान्याचा आवाज राहिला.

खोक्यात चित्रांचा कागद होता. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. काढली. मग काळ्या डब्याचे बोल्ट. जुन्या रबरी नळीचा क्लॅम्प गंजला होता, तो सुटेना. थोडं तेल सोडलं, वाट पाहिली, सुटला. डबा उचलला तर खाली उंदराने आणून ठेवलेला कापूस निघाला, कुणाच्या गादीतला कोण जाणे. तो झटकला. डब्यात मधोमध सेन्सर होता. तो काढून नव्या पाइपात बसवायचा, कारण पाइप नवा असला तरी हवा मोजणारा जुनाच लागतो. त्यासाठी कनेक्टर काढावं लागलं.

पिन अजून तशीच मागे सरकलेली होती. इतक्या वर्षांत तिच्यावर हिरवट थर आला होता. मी चष्मा पुसला. वायरिंगच्या दुकानातून नवी पिन आणून ठेवलीच होती, ती वायरीला दाबून बसवली, कनेक्टर लावलं. क्लिपचा तोच आवाज.

बाकी काम माझ्या हातचं होतं. पाइप, सिलिकॉनचा जोड, दोन क्लॅम्प. क्लॅम्प किती आवळावा हे मला कुणी सांगायला नको. जास्त आवळला तर जोड कापतो, कमी राहिला तर हवा चोरतो. बॉनेट पाइपाला लागत नाही ना, ते हाताने चाचपून पाहिलं. प्रत्येक वेळी एक हात कमी पडत होता. पाइप धरायला एक माणूस आणि स्क्रू फिरवायला एक, असं ते कामच होतं. मी पाइपाला खालून विटेचा टेकू दिला.

शेवटी फिल्टर. शंकूसारखा, लाल, सुती जाळीचा. इतकी वर्षं माळ्यावर पडून तो कोरडा ठणठणीत झाला होता. कागदावर त्याच्या तेलाचं काहीतरी बारीक अक्षरात लिहिलं होतं, ते मी वाचलं नाही. मला ठाऊकच होतं. आमच्या शेतावर ट्रॅक्टर होता आणि त्याच्या एअर क्लीनरला खाली तेलाची वाटी असायची. हवा तेलावरून जाते, धूळ तेलात राहते. पेरणीआधी वडील माझ्याकडून ती वाटी भरून घ्यायचे. हात आखडला की मागून आवाज यायचा, "तेल टाक रे पुरं. धूळ कितली शे ते देख." आमच्या भागात हवेच्या गाळणीला तेल जितकं जास्त तितकं इंजिन सुखी, हे लहान पोरालाही माहीत. मी इंजिन ऑइलचा डबा घेतला आणि फिल्टर चांगला निथळेपर्यंत भिजवला.

गाडी चालू झाली. तो आवाज मी विसरलो होतो, किंवा हा नवाच होता. खोल, मोकळा, छातीत उतरणारा. आबा भिंतीवर परत आले. "आयला," एवढंच म्हणाले.

मी आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून निघालो. मुलीला कळवलं नाही. एरंडोलपर्यंत गाडी अशी आली की मला माझाच हेवा वाटला. दोन्ही बाजूंना नांगरून पडलेली काळी शेतं, रस्त्यावर पाण्यासारखं चमकणारं ऊन, आणि मी तोंडातल्या तोंडात वाक्य घोकतोय. "बेटा, मला तुला एक सांगायचं आहे." मग ते खोडायचो. मी तिला बेटा कधी म्हणालो होतो?

पारोळं मागे टाकलं आणि गाडीने झटका खाल्ला. मग दुसरा. पाय दाबावा तर ती गुदमरायची, सोडावा तर बंद पडायची. अगदी तसंच, सहीसही तेव्हासारखं. मी कडेला घेतली. किल्ली फिरवली, चालू झाली, थरथरली, मेली. मागून एक ट्रक हॉर्न वाजवत गेला, त्याच्या वाऱ्याने गाडी हलली.

मी बॉनेट उघडलं, कनेक्टर पाहिलं. पिन जागेवर होती. मला काहीच कळेना. थोड्या अंतरावर उसाच्या रसाचं दुकान होतं. दुकानदाराने न विचारता खुर्ची पुढे केली. तिथे बसून मी त्या लाल गाडीकडे बघत राहिलो. माझी मुलगी अशाच रस्त्यांवर कितीदा अशी उभी राहिली असेल, उन्हात, एकटी, येणारेजाणारे बघताहेत, आणि डोक्यात एकच, आपलं काय चुकलं. मी तेव्हा घरी पंख्याखाली असायचो. मला ठाऊक असायचं काय चुकलं ते.

गॅरेजवाला बोलावता आला असता. मी मुलीला फोन लावला.

"बोला पप्पा."

"मी पारोळ्याच्या पुढे आहे. गाडी बंद पडली."

"कोणती गाडी?"

"तुझी."

 मग म्हणाली, "सावलीत बसा. काही उघडू नका."

ती स्कूटीवर आली. तोंडाला स्कार्फ, पाठीला सॅक, अर्ध्या तासाच्या वर उन्हातून आलेली. स्कार्फ काढला तेव्हा मला तिच्या कानाजवळ पांढरे केस दिसले. ती सरळ बॉनेटपाशी गेली, ते उचललं आणि तशीच उभी राहिली.

"हा तुम्ही बसवला?"

"हो."

"एकट्याने?"

"विटेचा टेकू दिला."

तिने पाइपावरून हात फिरवला, एक क्लॅम्प हलवून पाहिला. "क्लॅम्प छान बसवलेत."

"पाइपच आहे शेवटी."

मग ती वाकली, हुंगलं, फिल्टरला बोट लावलं आणि बोट माझ्यासमोर धरलं. त्यावरून तेल ओघळत होतं.

"पप्पा, ह्याला तेल कुणी पाजलं?"

"मी."

"कोणतं?"

"इंजिन ऑइल."

"किती?"

"धूळ फार आहे ना आपल्याकडे," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली आणि एकदम हसायला लागली. आधी तोंड दाबून, मग गाडीला टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "आजोबांचा ट्रॅक्टर आहे का हा? अहो, ते सगळं तेल आत ओढलं गेलं, जाऊन सेन्सरच्या तारेवर बसलं. आता तो बिचारा काय हवा मोजणार." रसवाल्याकडे वळून म्हणाली, "दादा, दोन रस. ह्यांना बर्फ जास्त, हे थंड हवेसाठी निघालेत."

आई गेल्यापासून मी तिचं हसणं ऐकलं नव्हतं. ते ऐकून मला वाटलं, पुरे, इथेच थांबावं. रस प्यावा, गाडी नीट होईल, मागे मागे तिच्या घरी जावं, चहा होईल. पिनेचं कशाला. हे मी अगदी स्पष्ट ठरवलं होतं.

ती सॅकमधून एक स्प्रे काढून कनेक्टर सोडवत होती. सोडवलं आणि डोळ्याजवळ नेलं.

"एक पिन नवी आहे," ती म्हणाली. "कुणी बदलली?"

गॅरेजवाल्याने, म्हणालो असतो तर तिने पुढे विचारलं नसतं.

"मी बदलली," मी म्हणालो. "आधीची पण मीच मागे ढकलली होती. दाभणाने. तू गाडी आणलीस त्या उन्हाळ्यात."

तिने मान वर केली नाही. हातातलं कनेक्टर ती नखाने उगाच घासत राहिली.

"हीच पिन?"

"हो."

"म्हणजे बाकी काही नव्हतं."

"काही नव्हतं."

"मी हे कितीदा काढलं होतं. फुंकर मारायची आणि परत लावायची." मग, "का?"

"चाळीसगावला मामा बोलला पंगतीत. लोक हसले."

"माझी काळजी वाटली, असं नाही म्हणणार?"

इतकी वर्षं मी स्वतःला तेच सांगत आलो होतो. रस्ता वाईट, ट्रक फार, एकटी मुलगी.

"नाही," मी म्हणालो. "लाज वाटली."

रसवाला दोन ग्लास ठेवून गेला. ती म्हणाली, "आईला माहीत होतं?"

"तिने साबण दिला होता. विचारलं काही नाही."

त्यावर तिने फक्त डोळे मिटले आणि उघडले. मग काम केलं. सेन्सर काढला, त्यावर स्प्रे मारला, उन्हात वाळू दिला. फिल्टर काढून जुन्या ओढणीत गुंडाळला आणि पिळला, कपडा पिळावा तसा, पुन्हा, पुन्हा. पाइप आतून पुसला. तिचे हात कोपरापर्यंत काळे झाले. मी पाइप धरायला पुढे झालो तेव्हा ती थांबली, मग जरा बाजूला सरकली, आणि मी पाइप धरून ठेवला. तिने स्क्रू फिरवले. 

तिने किल्ली फिरवली. गाडी एकदा अडखळली आणि लागली. ती उतरून पुढे आली आणि बॉनेटवर वाकली, मान जराशी तिरकी करून. ट्रक जात होते, रसाच्या चरकाचे घुंगरू वाजत होते, तरी ती ऐकत होती. किती वेळ ते मला सांगता येणार नाही.

"इंदूरला असाच आवाज होता," ती म्हणाली. माझ्याशी नाही, इंजिनाकडेच बघत.

मग बॉनेट पाडलं, हात पुसले आणि स्कूटीची किल्ली माझ्यापुढे धरली.

"ही घेऊन जळगावला जा. हेल्मेट डिक्कीत आहे."

"तुझ्याकडे येऊ का जरा—"

"नको पप्पा. आज नको."

ती गाडीत बसली, काच खाली केली, वर केली. धुळ्याच्या दिशेने गाडी गेली तेव्हा तो खोल आवाज बराच लांबपर्यंत येत होता, आणि ती बघता बघता दोन ट्रकांना मागे टाकून गेली. तिच्या ग्लासातला रस तसाच होता. मी दोन्ही प्यायलो, टाकवेना म्हणून.

स्कूटीचा आरसा तिच्या उंचीला लावलेला होता. मी तो बदलला नाही. त्यात मला सबंध रस्ताभर माझा खांदा आणि मागचं थोडं आभाळ दिसत होतं. एरंडोलला थांबून पाणी प्यायलो. घरी पोचलो तेव्हा आबा भिंतीवरच होते.

"गाडी?"

"दिली."

"आणि ही?"

"तिची आहे."

ते काही विचारणार होते, पण माझ्याकडे बघून त्यांनी पेपर उचलला.

चाळीसगाववाल्याचा फोन आला. "भाऊ, मग येऊ का रविवारी?" गाडी विकायची नाही असं सांगितलं तर म्हणाला, "अहो चालू झाली म्हणजे तर विकायचीच." मी म्हणालो, गाडी माझी नाही.

त्यानंतर तिचा नेहमीचा फोनही बंद झाला. जेवलात का नाही, गोळी नाही. मी दोनदा नंबर काढला आणि ठेवून दिला. सांगून टाकलं की हलकं वाटतं म्हणतात, तसं काही झालं नाही. फक्त आता घरात शिरताना मी कुठल्या कोपऱ्याकडे बघायचं टाळत नाही, एवढा फरक. स्कूटी पोर्चमध्ये, ताडपत्रीच्या जागी उभी करतो. ताडपत्री घडी करून ठेवली आहे.

परवा मेसेज आला. "जुना काळा डबा फेकू नका. ह्या पाइपाचं तोंड खाली असतं, पावसाळ्यात रस्त्यावरचं पाणी ओढेल. तेव्हा डबाच परत लावावा लागतो."

मी लिहिलं, "आहे. घेऊन येऊ?"

त्याला अजून उत्तर नाही. डबा मी अंगणात घेतला, साबण लावून आतून बाहेरून धुतला, उन्हात पालथा घातला. कोरडा झाल्यावर त्याच्या तोंडाला स्वच्छ फडकं बांधलं, आत धूळ जायला नको म्हणून. तेल लावलं नाही.